सील समोर फोडा

क्वार्टरचं झाकण पहिल्यांदा पिळलं की त्याच्या गळ्याजवळची पत्र्याची बारीक कडी तुटते आणि 'कर्रर्र-टक्' असा आवाज होतो. माझे सासरे अप्पा यांना संगीतात गती नाही. सवाई गंधर्वला ते नेमानं जातात, पण बहुतेक वेळ खाण्याच्या स्टॉलवर सापडतात. हा एक आवाज मात्र ते तीन टेबलं पलीकडून ओळखतात. एकदा तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला उठून सांगून आले, "तुमची आधीच फुटलेली होती बरं का. आवाज नाही आला." त्या बिचाऱ्यानं बिअर मागवली होती.

अप्पा जिल्ह्याच्या एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं ऑडिटला होते. विश्वास ही ताळेबंदात दाखवता न येणारी गोष्ट आहे, असं त्यांचं मत आहे. पेट्रोलपंपावर गाडीतून उतरून शून्य बघतात, नारळ कानाशी हलवतात, दूधवाल्याचं माप डोळ्यांच्या रेषेत आणून पाहतात. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण परमिट रूममध्ये बसलेले अप्पा म्हणजे या स्वभावाचा कळस.

कॅप्टन येतो, "कुठली साहेब?" असं विचारतो. अप्पा मेन्यूकार्ड उघडतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, थाळी आणि फॅमिली पॅकसकट वाचतात, पालथं ठेवतात आणि तीस वर्षं पितात तेच नाव सांगतात. मग म्हणतात, "क्वार्टर. सील समोर फोडा." पेग ते कधीही घेत नाहीत. पेग म्हणजे उघड्यावरचं अन्न. नवा वेटर असेल तर तो दचकतो, जुना असेल तर ट्रेमध्ये क्वार्टर आडवी ठेवून बारशाच्या बाळासारखी दाखवायला आणतो. अप्पा चष्मा चढवतात. महिना, बॅच नंबर, एमआरपी, एक्साइजचं लेबल. बाटली उलटी करून मोबाइलच्या उजेडात गाळ शोधतात. मान हलली की वेटर पिळतो. कर्रर्र-टक्. "हं," अप्पा म्हणतात. पुढची प्यायची क्रिया उरकून टाकल्यासारखी असते.

पाकिटात गजानन महाराजांच्या फोटोमागे त्यांचं आजन्म परमिट आहे, प्लॅस्टिकमध्ये. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजूनही चालू आहे आणि त्याखाली प्यायला परवाना लागतो, हे शेजारी बसून पिणाऱ्या बहुतेकांच्या गावी नसतं. पाच रुपयांत एका दिवसाचं, शंभरात वर्षाचं, हजारात जन्माचं. अप्पांनी जन्माचं काढलं. आजवर ते कुणीही मागितलेलं नाही आणि याचं त्यांना दुःख आहे.

असे अप्पा दोन वर्षांपूर्वी सासूबाईंसह आमच्याकडे न्यू जर्सीला आले. पुण्यात जावयासमोर ग्लास धरायचा नाही हा त्यांचा नियम होता. मी गेलो की शोकेसचं दार उघडत, पेग आत स्वयंपाकघरात भरला जाई आणि मला एकट्याला आणून दिला जाई. अटलांटिक ओलांडल्यावर नियम ढिला झाला. पहिल्याच शुक्रवारी, एडिसनजवळच्या एका बारकडे गाडी वळवत मी म्हटलं, "अप्पा, बसू या जरा." सासूबाई लेकीबरोबर ओक ट्री रोडवर कढीपत्ता शोधायला गेल्या होत्या.

काउंटरमागे हातभर गोंदलेली एक मुलगी होती. तिनं अप्पांना "काय देऊ, हनी?" असं विचारलं. मध नको, सोडा घाल, असं अप्पांनी तिला इंग्रजीत सांगितलं. "व्हिस्की सोडा." आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत ते सावरून बसले. हात मेन्यूकार्डाच्या शोधात काउंटरवर फिरू लागला.

प्रश्न आलाच नाही. तिचा हात गुडघ्याच्या उंचीला कुठंतरी खाली गेला. तोंडाला धातूची चोच बसवलेली एक बाटली वर आली, मापात कलली, खाली गेली. दुसऱ्या हातानं तिनं एक काळी नळी उचलली आणि सायकलच्या चाकात हवा भरावी तसा ग्लासात सोडा मारला. सगळं मिळून चार सेकंद. ग्लास अप्पांसमोर, आणि मुलगी तिसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलतेय.

अप्पा बराच वेळ ग्लासाकडे पाहत राहिले. "जावईबापू, हिनं विचारलं नाही."

"काय?"

"कुठली."

मागच्या भिंतीवर आरशासमोर पायऱ्यापायऱ्यांनी शंभरेक बाटल्या, खालून दिवे सोडलेल्या, गौरीपुढच्या आराशीसारख्या मांडल्या होत्या. अप्पांनी त्यांच्याकडे बोट केलं. "ह्या मग कुणासाठी? नैवेद्याला?"

अकरा वर्षं इथं काढल्यामुळे थोडं मला ठाऊक होतं, उरलेलं गर्दी ओसरल्यावर मुलीनं सांगितलं. मी मधल्या मध्ये दुभाषा. बारमनच्या पोटाशी, काउंटरच्या आतल्या बाजूला एक लांब पत्र्याची पन्हळ असते. तीत व्होडका, जिन, रम, टकीला, व्हिस्की अशी एकेक बाटली नेहमी त्याच क्रमानं उभी. न बघता हात गेला पाहिजे, स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यात जातो तसा. नुसतं 'व्हिस्की सोडा', 'रम कोक' म्हटलं की यातली मिळणार. ही हाउसची. या जागेला 'वेल' म्हणतात.

"वेल म्हणजे विहीर?"

"हो."

"आणि हाउसची म्हणजे घरची?" अप्पांनी ग्लास दोन इंच लांब सारला. "म्हणजे हातभट्टी!"

हातभट्टी नाही, कायदेशीर आहे, करभरणा केलेली आहे, फक्त नावाजलेली नाही, हे समजावता समजावता माझा ग्लास संपला. अप्पांनी बाटली बघायला मागितली. मुलीनं हसत पुढं केली. सील अर्थातच नव्हतं, चोच होती. अप्पांनी लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "चाळीस टक्के! आपली बेचाळीस पूर्णांक आठ असते." साहेबाच्या जुन्या मापानं पंचाहत्तर प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के, तो आकडा आपण साहेब गेल्यावरही सोडलेला नाही. अमेरिकेचं प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट, म्हणून ऐंशी. हा ऑडिटमधला पहिला आक्षेप मुलीला कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. ती म्हणाली, "गुड फॉर यू, हनी."

मग अप्पांनी नॅपकिन ओढला आणि पेन काढलं. इथला एक घोट दीड औंसाचा, म्हणजे साधारण ४४ मिलिलिटर. बाटली साडेसातशेची. सतरा ग्लास. "खालची बाटली कितीला पडते?" बारा डॉलर धरा, मी म्हटलं. "म्हणजे ग्लासाला सत्तर सेंट. विकते आठला. आता वरची." छत्तीस धरा. "ग्लासाला दोन डॉलर दहा सेंट. ती कितीला?" चौदा धरा. अप्पांनी दोन रेघा मारल्या. "खालच्यावर सात तीस सुटतात. वरच्यावर अकरा नव्वद." पेन खाली. "मग ही बाई वरचीच का ओतत नाही? मालकाला सांगा, ऑडिटरचा शेरा आहे."

खरं सांगतो, या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. बार कंजूष असतो म्हणून खालची देतो, अशी माझी समजूत होती, आणि ती त्या नॅपकिननं मोडली. मुलीला उत्तर येत होतं. जो नुसता व्हिस्की सोडा म्हणतो त्याच्या डोक्यात फळ्यावरचा आठचा आकडा असतो. त्याला न विचारता वरची ओतून चौदाचं बिल पुढं केलं तर भांडण. प्रत्येकाला विचारत बसलं तर शुक्रवारी रात्री तीन रांगा लागलेल्या असताना ग्लासामागे अर्धं मिनिट जातं, आणि त्या अर्ध्या मिनिटात एक गिऱ्हाईक पलीकडच्या बारमध्ये. शिवाय कोकमध्ये बुडवायची तर वरची काय, खालची काय. महिन्याच्या हिशेबात मालक बघतो ते टक्के: विक्रीतला किती हिस्सा दारूच्या खरेदीवर गेला. खालचीचा नऊ पडतो, वरचीचा पंधरा. बारचा परवानाही महाग. या राज्यात साधारण तीन हजार वस्तीमागे एकच मिळतो, त्यामुळे जुना परवाना विकत घ्यायचा तर घराएवढी रक्कम मोजावी लागते. हे सगळं त्या पन्हळीतूनच वसूल व्हायचं असतं.

"कंपनीचं कमिशन असणार," अप्पा हळूच म्हणाले.

तेही नाही म्हणे. १९३३ साली इथली दारूबंदी उठली तेव्हापासून गाळणारा, घाऊक विकणारा आणि पेल्यात ओतणारा हे तिघं वेगळे ठेवण्याकडे कायद्याचा कल आहे. आमचीच विका म्हणून कंपनीनं बारवाल्याला पैसे चारायचे नाहीत. पेट्याच्या पेट्या उचलल्या तर घाऊकवाला सूट देतो, तेवढीच.

"आणि मला वरची हवी असेल तर?"

"नाव घ्यायचं," मी भाषांतर केलं. "नाव घेतलं की ती 'कॉल' झाली. नाव न घेता मागितली ती विहिरीतली."

अप्पा एकदम थांबले. "नाव घ्यायचं?" आणि मग ते इतके हसले की मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा नाव घेत नाहीत म्हणून अप्पांच्या आत्यानं त्यांना पाऊण तास उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. माप तसंच भरलेलं, पाऊल अडलेलं. "पाऊण तास! शेवटी मीच आतून ओरडलो, राहू दे, तशीच घ्या आत." ती गोष्ट हातवारे करून अप्पांनी मुलीला सांगितली. तिला काय कळलं देव जाणे. पुढच्या वेळेपासून ती त्यांचा ग्लास ठेवताना "नेम?" असं विचारू लागली आणि अप्पा लाजू लागले.

इथं मी एक चूक केली. परतताना गाडीत, गप्पांच्या ओघात, त्यांना २०१३ सालची गोष्ट सांगितली. त्या मे महिन्यात याच राज्याच्या अधिकाऱ्यांनी २९ बार आणि रेस्टॉरंटांवर एकाच दिवशी छापे घातले होते. आरोप असा की वरच्या बाटल्यांत खालची भरून वरच्या भावानं विकली जाते. मोहिमेचं नावच 'ऑपरेशन स्विल', म्हणजे खरकट्याची मोहीम. एका ठिकाणी स्कॉच म्हणून चोळायचं स्पिरिट आणि कॅरमेलचा रंग यांचं मिश्रण दिलं जात होतं, तर एका ठिकाणी बाटलीत पाणी, आणि तेही स्वच्छ नव्हतं, असं अधिकाऱ्यांनीच सांगितलं.

अप्पांनी सीटबेल्ट सोडून माझ्याकडे वळून पाहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या एवढ्या आक्षेपांना कुणी दुजोरा दिला नव्हता. आज एका परक्या सरकारनं दिला. "सील," ते म्हणाले. "सील, सील, सील. मी काय सांगत होतो?"

पुढच्या शुक्रवारी ते घरून छोटी टॉर्च घेऊन निघाले. बारमध्ये त्यांनी मुलीला, दोन अर्धवट बाटल्या एकीत ओतता का, असं विचारलं. ती दचकली. ते केंद्राच्याच कायद्यात बसत नाही. धंद्यात त्याला बाटल्यांचं लग्न लावणं म्हणतात. "बघा," अप्पा मला म्हणाले, "नाव घ्यायला लावतात आणि लग्नाला बंदी." पण त्यानंतर ते बोललेच नाहीत. भिंतीवरच्या आराशीकडे एकटक बघत होते. एकेका बाटलीची पातळी मनात टिपून घेत असावेत, असं मला वाटलं. ते तसं नव्हतं. ते विचार करत होते.

"जावईबापू," पाच मिनिटांनी ते म्हणाले, "खोटी नोट कोण छापतं?"

"कोण?"

"कोण ते सोडा. कितीची छापतं? पाचशेची. दहाची कुणी छापत नाही. वरच्या बाटलीत खालची भरतात. मग खालच्या बाटलीत काय भरणार?" त्यांनी विजयी मुद्रेनं काउंटरवर बोट टेकवलं. "आडात तेच, पोहऱ्यात तेच. इथं सीलशिवाय विश्वास ठेवावा अशी एकच बाटली आहे, आणि ती ह्या पोरीच्या गुडघ्याशी आहे."

आणि वेटरला टॉर्च मारणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण शुद्धीत, ठणकावून "हाउस!" अशी ऑर्डर दिली.

मुक्कामाचे उरलेले चार महिने ते विहिरीवरच होते. नवधर्मीयाचा उत्साह काही वेगळाच. माझा एक मित्र जेवायला आला असताना महागड्या व्होडकाचं कौतुक करू लागला; अप्पांनी त्याला, २०२० पर्यंत इथल्या कायद्यात व्होडकाची व्याख्याच 'ठळक गुण, वास, चव, रंग नसलेली' अशी होती, हे सुनावलं. "बेचव असणं हीच जिची पात्रता, तिच्यात पहिला नंबर कसा काढता?" मित्र अजून आमच्याकडे फिरकलेला नाही. डोळे बांधून तीन ग्लासांतली ओळखायचा प्रयोग मी सुचवला होता, पण तो अप्पांनी मुरब्बीपणानं टाळला. ऑडिटरनं स्वतःचं ऑडिट करून घ्यायचं नसतं.

सांगलीकडे त्यांचा दीड एकर ऊस आहे आणि साखर कारखान्याचा शेअरही. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या व्हिस्कीत उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. अमेरिकेत व्हिस्की म्हणायचं तर ती धान्याचीच लागते. हे कळल्यावर त्यांना राग येईल असं वाटलं होतं. उलट ते हळवे झाले. "म्हणजे आपली हाउसची खरोखर घरची निघाली की हो."

गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो. पाडव्याच्या संध्याकाळी ओवाळणी आटोपल्यावर अप्पांनी मला हाक मारली. अमेरिकेत एकदा नियम मोडलाच होता, तेव्हा आता स्वयंपाकघर नाही, खुद्द शोकेससमोर दोन खुर्च्या. इतक्या वर्षांत मी ते दार उघडं असं समोरून प्रथमच पाहिलं. वरच्या काचेच्या फळीवर खोक्यासकट उभ्या परदेशी बाटल्या, त्यातल्या निम्म्या मीच विमानतळावरून आणलेल्या. मधल्या फळीवर ब्लेंडर्स प्राइड, ओल्ड मंक, कुणाच्या तरी निवृत्तीची शॅम्पेन. आणि अगदी खाली, टेलिफोन डिरेक्टरीच्या मागे, लेबल विटलेली एक लिटरची बाटली, पाव भरलेली, बुचाजवळ पुष्कळ वापरानं गुळगुळीत झालेली.

अप्पांनी न विचारता, न बघता, खाली हात घातला.

"अप्पा," मी म्हटलं, "बारा वर्षं मला पेग आतून भरून यायचा. तो ह्यातला?"

"तुम्ही कधी नाव घेतलंत?"

आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात करंज्यांचं ताट आणि चेहऱ्यावर उंबऱ्याबाहेरच्या त्या पाऊण तासाचं व्याज. "घ्या हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "घ्या नाव. बघू तरी."

मी वरच्या फळीवरची, मीच आणलेली, बारा वर्षं मुरलेली स्कॉच निवडली आणि तिचं नाव गावासकट, वर्षासकट, ठणठणीत घेतलं. अप्पांना ती काढावीच लागली. खोकं उघडलं, बाटली बाहेर आली. चष्मा चढला. लेबल वाचून झालं, उजेडात धरून झालं. मग डाव्या हातात तळ, उजव्या हातात झाकण, अशी पकड घेऊन ते उभे राहिले. हात काही पिळेना. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याची सीलं डोळ्यांदेखत फोडून घेतली, त्याला स्वतःचं एक सील मोडवत नव्हतं. कान देऊन मी वाट पाहत होतो. सासूबाईही पाहत होत्या.

अप्पांनी बाटली खोक्यात ठेवली, खोकं फळीवर ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि डिरेक्टरीमागची वर काढली.

"ही घरची आहे," ते म्हणाले. "परक्याला नाही देत मी."

"आणि सील?"

"घरच्या माणसांत सील कसलं बघता?"

सोड्याची बाटली मात्र त्यांनी माझ्यासमोर फोडली.